बँकेचं कॅलेंडर चुकत नाही

बांगहाक वस्तीतली आमची इमारत बँकेच्या लोकांनी बँकेच्या लोकांसाठी बांधली. पगारातून हप्ते कापून घेऊन सगळ्यांनी मिळून जागा घेतली तेव्हा लिफ्टमध्ये नुसतं कोणी खाकरलं तरी तो कोणत्या शाखेचा माणूस ते कळायचं. आता बँकेची म्हणावीत अशी दोनच घरं उरलीत, तीही सातव्या मजल्यावर समोरासमोर. एक माझं आणि एक नामगुंगसाहेबांचं. बाकीचे कोणी घर विकून मुलांकडे गेले, कोणी थेट वर गेले.

बँकेचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घेणार तरी कोणतं? आम्ही लागलो तेव्हा एक होतं. पुढे देशाची तिजोरी रिकामी झाली. वरून आलेल्या हुकमावर बड्या कारखान्यांना दिलेली कर्जं बुडाली आणि त्यांच्यासोबत बँकही गटांगळ्या खाऊ लागली. आम्ही बायकांनी बोटातल्या अंगठ्या काढून देशाला दिल्या, माझीही त्यात गेली. मग अमेरिकेतल्या कुठल्याशा फंडवाल्यांनी बँक घेतली, चार वर्षं पोसली आणि गुटगुटीत झाल्यावर बाजारात विकून विमानात बसले. मग आले विलायती. सून नवी आली की आधी भांडी बदलते, तसं त्यांनी पहिलं काम केलं ते पाटी बदलण्याचं. आता पाटीवरचं नाव वाचायला मला नातवाला बोलवावं लागतं.

मीसुद्धा तिथेच काउंटरवर होते. लग्न ठरलं तशी राजीनामा देऊन बाहेर पडले, कारण तेव्हा बाईमाणसाला नोकरीत घेतानाच तसं लिहून घेत. नवरा बँकेतच राहिला, बँकेतच झिजला आणि गेला. त्यामुळे मला बँकेचा उमाळा वगैरे नाही. विलायती आले त्याच आठवड्यात मी माझं खातं बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या शेतकऱ्यांच्या बँकेत गेले. नामगुंगसाहेब त्यावरून दोन महिने मला टोमणे मारत होते. जिन-आची आई, कांद्याबटाट्याच्या बँकेत व्याज काय देतात, कांदे का, असं लिफ्टमध्ये चारचौघांत विचारायचे.

आणि हा माणूस कोण, तर ज्याला त्याच बँकेनं संकटाच्या वर्षी 'सन्मानाची निवृत्ती' देऊन घरी बसवलं. सन्मान म्हणजे एक पाकीट आणि एक गुच्छ. तीस वर्षं शाखेचं शटर स्वतःच्या हातानं वर करणारा माणूस, दुसऱ्या दिवशी सवयीनं उठून सूट घालून बसला होता आणि ओक-बुननं, त्याच्या बायकोनं, तो हळूच परत उतरवला. ओक-बुन माझी मैत्रीण. सगळे तिला ह्योकची आई म्हणत, नावानं हाक मारणारी मी एकटीच. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि तुझ्या नवऱ्याच्या हाती धुपाटणं आलं, असं मी तिला म्हणायचे. ते धुपाटणं म्हणजे बँकेचं कॅलेंडर.

बँकेचं कॅलेंडर टांगलं की घरात पैसा येतो असं आमच्याकडे सगळेच मानतात. डिसेंबर लागला की म्हातारे-म्हाताऱ्या शाखेत रांग लावतात. पण नामगुंगसाहेबांचं निराळं होतं. त्यांच्या घरात पैसा यायचा तेवढा येऊन गेला होता. निवृत्तीनंतरही ते दर डिसेंबरला दाढी करून, टाय बांधून शाखेत जायचे, दोन्ही हातांनी कॅलेंडर घ्यायचे आणि जेवणघराच्या भिंतीवर टांगायचे. जुन्या कॅलेंडरात मोठाले आकडे असत आणि प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात तिथी. वाढदिवस, श्राद्ध, सगळं आमच्या पिढीचं तिथीवर चालतं. विलायती कॅलेंडरात आकडे बारीक झाले, वर कुठकुठले पूल आणि मनोरे आले, पण खाली तिथी होती. बघा, त्यांनाही कळतं, असं ते मला म्हणाले होते.

ओक-बुन गेली ती बुद्धजयंतीनंतर तीन दिवसांनी, चौथ्या महिन्याच्या अकरावीला. तिला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कागदी कंदील अजून लटकत होते. पहिलं वर्षश्राद्ध नीट झालं. ह्योक आला, सून आली. ह्योक हा त्यांचा एकुलता एक मुलगा, परीक्षा देऊन बापाच्याच बँकेत लागलेला. तो लागला त्या दिवशी बाप इतका फुगला होता की त्यानं आख्ख्या मजल्याला तांदळाच्या वड्या वाटल्या होत्या.

त्याच उन्हाळ्यात संप झाला. विलायती साहेबांना पगार कामगिरीवर द्यायचा होता, ज्याची आमच्याकडे रीत नाही. जो आधी आला तो मोठा, त्याला जास्त. माणसं शाखा सोडून समुद्रकाठी जाऊन बसली आणि आख्खा उन्हाळा परत आली नाहीत. ह्योक त्यांच्यात. आणि इकडे त्याच्या बापानं काय करावं? जुना सूट घातला, बंद शटरसमोर जाऊन उभा राहिला, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कमरेत वाकून माफी मागू लागला. कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. उन्हात रोज उभा. संपावरच्या कोणीतरी त्याचा फोटो काढून समुद्रकाठी पाठवला.

ह्योक त्या संध्याकाळी बसनं आला. मी दाराला कान लावला नव्हता, लावायची गरजच नव्हती. तो म्हणाला, बाबा, या बँकेनं नाक पुसून फेकलेला कागद आहात तुम्ही, आणि तरी तुम्ही तिच्याच खिशात जाऊन बसताय. बाप म्हणाला, शटर बंद ठेवणारा माझा मुलगा नाही. त्यानंतर बोलणं बंद. सणाला फळांची पेटी यायची, सुनेच्या नावानं. ह्योक आला नाही.

दुसऱ्या वर्षश्राद्धाला तो येतो की नाही, हाच एक प्रश्न त्या घरात वर्षभर होता. नामगुंगसाहेब बोलत नसत, पण थंडीत एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "आईच्या श्राद्धाला तरी येईलच तो. माझ्याशी भांडण आहे, तिच्याशी थोडंच आहे?" मी म्हटलं, येईल. तेवढ्यावर ते वसंत ऋतूपर्यंत तगले.

एप्रिलच्या शेवटी मी मुलीकडे, जिन-आकडे, बुसानला गेले. नातवाला गोवर निघाला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले, किमची घातली, आणि नेहमीप्रमाणे एक डबा घेऊन समोर गेले. नामगुंगसाहेब दुपारी फिरायला जातात. त्यांच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. ते ओक-बुननं बसवलेलं आणि आकडे तिच्या जन्मदिवसाचे, तिनंच मला सांगितलेले. मी दाबले, तर कुलूप भोंग्यासारखं ओरडलं. परत दाबले, परत ओरडलं. संध्याकाळी विचारलं, तर "बदललेत," एवढं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. डबा माझ्या हातातच राहिला.

मला राग आला. इतकी वर्षं त्या घरातल्या फ्रीजमध्ये माझा हात सरळ जायचा. मला वाटलं, बायको गेली तशी आता शेजारीणही नकोशी झाली. मी तो डबा चौकीदाराला देऊन टाकला आणि ठरवलं की आता आपण होऊन बोलायचं नाही. दोन-तीन आठवडे लिफ्टमध्ये आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहायचो. माझ्याकडे बोलायला दुसरं कोणी होतं असं नाही. टीव्ही होता, त्याला मी उत्तरं द्यायचे.

बुद्धजयंती आली, आमच्या रस्त्यावर कंदील लागले. तीन दिवसांनी सकाळी कचरा टाकायला बाहेर पडले तर नामगुंगसाहेब काठी आणि पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभे. बँकेच्या निवृत्तांची सहल सुआनबोच्या गरम झऱ्यांवर निघाली होती, हे खालच्या सूचनाफलकावर मी वाचलं होतं. पण आज? माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सकाळीच पाहिलं होतं, चौथ्या महिन्याची अकरावी. बायकोच्या श्राद्धाच्या दिवशी हा माणूस गरम पाण्यात डुंबायला चालला होता. जिभेवर आलं होतं. पण अबोला धरलेला, आणि मनात आलं, निवृत्तांतले बरेच जण चर्चला जाऊ लागलेत, ह्यांनीही श्राद्ध सोडलं असेल. मी कचरा टाकला आणि घरात आले.

दिवेलागणीला कुलपाचा भोंगा ऐकू आला. मी दार उघडलं. समोर ह्योक, हातात दोन पिशव्या, कपाळावर घाम. केस पुढून बरेच गेले होते. एका पिशवीतून वाळवलेल्या माशाची शेपटी बाहेर आली होती.

"काकू, आकडे बदललेत का?"

"बदललेत. मलासुद्धा नाही सांगितले."

त्यानं आईचा जन्मदिवस परत दाबून पाहिला. मग बापाचा. मग स्वतःचा, तो दाबताना जरा घुटमळला. तेव्हा कुलूप असं काही केकाटलं की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन बघून गेली. आवाज थांबल्यावर त्यानं खिशातून फोन काढला आणि, मला वाटतं वर्षात पहिल्यांदा, बापाचा नंबर लावला.

फोन आत वाजला. बंद दाराच्या आत, जेवणघराच्या बाजूला, ती जुनी सनईसारखी धून. वाजत राहिली आणि थांबली. ह्योक दाराकडे बघत होता.

"आत आहेत," तो म्हणाला.

"नाहीत रे. फोन विसरून गेलेत. नेहमीच विसरतात."

"कुठे गेलेत? आजच्या दिवशी कुठे जातील ते?"

दवाखान्यात गेलेत असं म्हणावं, हे मनात आलं. पण मग हा दवाखाने शोधत फिरला असता. म्हणून खरं सांगितलं, सुआनबोला, सहलीला. आणि ते सांगताना मलाच कळलं की हे खोट्यापेक्षा वाईट आहे. आत बसून दार न उघडणारा बाप परवडला. बायकोच्या तिथीला झऱ्यावर जाणारा आणि जाताना मुलगा आत येऊ नये म्हणून आकडे बदलणारा बाप म्हणजे काय? ह्योकनं पिशव्या खाली ठेवल्या आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला.

मी त्याला आत ये म्हटलं, श्राद्ध माझ्याकडे कर. तो नको म्हणाला. आई त्या घरातून गेली, ती त्या घराशीच येणार. मग मी माझं बुटकं मेज बाहेर आणलं आणि त्यांच्या दारासमोर मांडलं. मासा ठेवला. खजूर, चेस्टनट ठेवले. नासपत्यांची वरची चकती कापून त्या ठेवल्या. भात माझ्या कुकरमधला, सूप माझ्या सकाळचं. उदबत्ती तांदळाच्या वाटीत रोवली. फोटो आत भिंतीवर होता, म्हणून ह्योकनं फोनवर आईचा फोटो लावून तो माशामागे उभा केला. थोड्या थोड्या वेळानं पडदा काळा व्हायचा आणि ओक-बुन नाहीशी व्हायची. मग तो वाकून बोट लावायचा आणि तिला परत आणायचा.

दारू ओतताना त्याचा हात थांबला. "काकू, दार उघडं ठेवायचं असतं ना? हे तर बंद आहे. आई येणार कुठून?"

"माझं उघडं आहे," मी म्हटलं. "तिला माझ्या घराची वाट नवी नाही."

त्यानं फरशीवर डोकं टेकलं, उठला, परत टेकलं. भातात चमचा उभा रोवून, ती जेवेपर्यंत आम्ही दोघं माझ्या दाराकडे तोंड करून थांबलो. आतून माझा टीव्ही ऐकू येत होता, तो बंद करायचा राहिलाच होता. मला रडू आलं, आणि ते ओक-बुनसाठी होतं की आमच्यासाठी ते मला सांगता येणार नाही.

जाताना त्यानं एक नासपती आणि मासा माझ्याकडे ठेवला, दारूचा उरलेला थेंब दारासमोर ओतला. लिफ्ट आली तेव्हा म्हणाला, "बाबांना सांगा, कळलं मला. पुढच्या वर्षीपासून आईचं श्राद्ध आम्ही आमच्या घरी करू. तिला तिकडेच नेतो."

आमच्यात मोठ्या मुलानं श्राद्ध नेलं की नेलं. मग गेलेलं माणूस त्या घरी येत नाही, आकडे नुसते दाराला राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामगुंगसाहेब परतले. गाल लाल, हातात अक्रोडांची पिशवी. दारासमोरचा वाळलेला डाग काठीनं खरवडत होते तेव्हा मी बाहेर आले आणि ती कापलेली नासपती त्यांच्यापुढे धरली.

"हे काय?"

"कालचा प्रसाद. ह्योक आला होता आईच्या श्राद्धाला. इथे, जिन्यात केलं त्यानं."

मला वाटलं होतं ते वरमतील. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिले. "काल कसलं श्राद्ध? श्राद्ध होऊन महिना झाला. मेच्या एक तारखेला केलं मी. एकट्यानं. मासा भाजला, फेण्या तळल्या, तीन तवे जाळले. दार सताड उघडं टाकून बसलो होतो. कामगार दिन, बँकेला सुट्टी, त्याला काही सबबसुद्धा नव्हती. आला नाही. फोनही नाही." आवाज चढला. "सूप तीनदा गरम केलं. मग उठलो, दार लावलं आणि आकडे बदलले. आईला विसरला त्याला कशाला हवेत आईचे आकडे?"

मी घरात गेले, भिंतीवरचं माझं कांद्याबटाट्याच्या बँकेचं कॅलेंडर काढलं आणि घेऊन आले. त्यांनी दार उघडलं. आकडे दाबताना हातानं झाकले नाहीत, मी पाहिले. बँकेचा स्थापना दिवस होता. काल ह्योकला ते सुचले नसते असं नाही, पण त्याचं बोट धजलं नसतं.

दोन्ही कॅलेंडरं आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. माझ्यात एप्रिलच्या शेवटापासून अधिक महिना, तिसरा. त्यांच्यात त्याच दिवसांपासून चौथा. मग माझ्यात चौथा सुरू होतो, तिथे त्यांच्यात अधिक चौथा. तीस दिवसांचा खड्डा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणजे ह्या माणसानं बायकोचं श्राद्ध अधिक महिन्यात केलं होतं. अधिकात देवांचं लक्ष नसतं म्हणून लोक कबरी हलवतात, स्वतःची कफनं शिवून ठेवतात. वरचं कोणी खालीही बघत नाही त्या दिवसांत हा दार उघडं टाकून तिची वाट पाहत बसला होता.

"तुमचं चुकलं असेल," ते म्हणाले, पण जोर नव्हता.

"बुद्धजयंती कोणत्या तिथीला असते?"

"चौथ्याच्या आठवीला."

"आणि ती कधी झाली? चार दिवसांपूर्वी. तुमच्याच कॅलेंडरात लाल आहे. ती गेली तेव्हा रस्त्यात कंदील होते, साहेब. मेच्या एक तारखेला होते का कंदील? दिसलं नाही तुम्हाला?"

त्यांनी त्या लाल आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दिसलं. खाली मासा आणायला गेलो तेव्हा दिसलं, कंदील नाहीत म्हणून. वाटलंही काहीतरी चुकतंय. पण बँकेचं कॅलेंडर चुकेल असं वाटलं नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. अंगठीपासून सुरुवात करून पाटीपर्यंत सगळं. पण समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"म्हणजे काल ती आली," ते म्हणाले, "आणि मी गरम पाण्यात बसलो होतो."

"ती माझ्याकडे जेवली," मी म्हटलं. "तुमच्या मुलानं वाढलं." मग ह्योकचा निरोपही सांगितला, श्राद्ध नेण्याचा. तो सांगताना मी नासपतीकडे बघत होते.

त्यांच्या फोनवरून ह्योक उचलेना. तीनदा लावला. मग मी माझ्यावरून लावला. नामगुंगसाहेबांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तसंही आलंच असतं.

"बोला काकू."

"मी आहे," बाप म्हणाला. "ह्योक, कॅलेंडर चुकलंय रे. मी एक तारखेलाच केलं श्राद्ध. तुझी वाट पाहिली."

मग ह्योकचा आवाज आला, बारीक. "बँकेचंच टांगलंत? यंदाही?"

"दुसरं कुठलं टांगणार?"

"बाबा, ते चुकलंय हे मला मार्चपासून माहीत आहे. सिंगापूरच्या कचेरीनं चिनी पंचांग उचलून छापलं. त्यांच्या नि आपल्या घड्याळात तासाचा फरक, त्यामुळे यंदा अधिक महिना त्यांचा वेगळा, आपला वेगळा. संपावरून परत आल्यावर आम्हाला मागच्या खोलीत बसवलंय. खुर्ची, फोन आणि हे एकच काम. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना फोन करायचे. आजी, कॅलेंडरातला चौथा महिना चुकीचा आहे, त्यावर श्राद्ध करू नका." तो थांबला. "तुमचा नंबरही आला होता माझ्या यादीच्या पानावर."

"मग?"

"पान उलटलं. म्हटलं, बँकेबद्दल तुम्हाला मी काय सांगणार?"

नामगुंगसाहेबांनी टेबलाची कड धरली होती. आता हा माणूस रडेल किंवा ओरडेल, मी दोन्हीची तयारी केली. त्यांनी घसा साफ केला.

"बाकीच्यांना नीट सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं. "म्हातारी माणसं असतात. एकदा सांगून कळत नाही त्यांना."

"सांगितलं, बाबा. एकेकाला दोनदोनदा."

"बरं केलंस."

मग बाप म्हणाला, "दाराचे आकडे परत आईचे करतो."

"बघू," ह्योक म्हणाला. "रविवारी जमलं तर येतो." येतो असं नाही म्हणाला, जमलं तर असंच म्हणाला. श्राद्धाचं त्यानं काढलं नाही आणि बापालाही विचारायचं धैर्य झालं नाही.

मला वाटलं होतं, आता तरी ते कॅलेंडर कचऱ्यात जाईल. तर त्यांनी माझं कॅलेंडर मागून घेतलं, टोकदार पेन घेतलं, आणि वर्षाअखेरपर्यंतच्या सगळ्या तिथ्या तपासून, चुकल्या तिथे खोडून, बाजूला खऱ्या लिहिल्या. मग तेच परत भिंतीवर टांगलं. माझं कॅलेंडर परत देताना म्हणाले, तुमच्याकडचा कागद मात्र भिकार आहे. अबोला असा सुटला. अक्रोड निम्मे मला दिले.

रविवारी सकाळपासून मी काही ना काही निमित्तानं दाराजवळच होते. चपला लावल्या, छत्र्या पुसल्या. दुपार झाली. लिफ्ट दोनदा वर गेली, आमच्या मजल्यावर थांबली नाही. मग समोरून कुलपाची बटणं वाजली, आणि पाठोपाठ दार उघडल्याची ती छोटी धून. आला, म्हटलं. बाहेर जायचं नाही असं ठरवून मी उभी राहिले. पण दार लागल्याचा आवाज आला आणि लगेच परत बटणं. परत धून. परत दार. असं होतच राहिलं, तेव्हा मी कडी काढली.

नामगुंगसाहेब स्वतःच्याच दाराबाहेर उभे होते. सूट घातलेला, टाय बांधलेला, पायात घरातल्या सपाता. ओक-बुनचा जन्मदिवस एकेक आकडा करून दाबत होते. दार उघडलं की आत डोकावून बघायचे, लावून घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. मला पाहून थांबले.

"बाहेरून उघडतंय का, बघत होतो," ते म्हणाले.

"उघडतंय हो, साहेब," मी म्हटलं. "मला इथपर्यंत ऐकू येतंय."

त्यांनी मान हलवली, लिफ्टच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं, आणि परत आकडे दाबायला लागले.